थुंकलेला घोट

मुलीच्या लग्नाची बोलणी वाइन चाखण्यापासून सुरू होतील असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्याकडे बोलणी चहा-पोह्यांनी सुरू होतात आणि मानपानावर अडतात, ही आपली साधी रीत. पण मुलीनं शोधलेला मुलगा नाशिककडचा. त्याच्या वडिलांची द्राक्षाची बाग, आणि बागेला लागून त्यांची स्वतःची छोटीशी वायनरी. मुलगा आणि माझी मुलगी बेलापूरला एकाच कंपनीत कामाला होते. मुलगा दोनदा घरी येऊन जेवून गेला होता. माशाचे काटे नीट काढत होता, ताटात काही टाकत नव्हता. माझी हरकत तिथेच संपली होती.

प्रश्न माझा नव्हता, माझ्या थोरल्या दिरांचा होता. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगी शाळेत होती. तिच्या कॉलेजच्या प्रवेशापासून माझ्या पायाच्या ऑपरेशनपर्यंत हा माणूस दर वेळी गव्हाणहून येऊन न बोलता बाजूला उभा राहिला. उपकार केल्याचं कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही, त्यामुळे तर अधिकच बांधल्यासारखं झालं. मुलीनं मला स्पष्ट सांगितलं होतं, काकांनी नाही म्हटलं तर ती त्यांच्याविरुद्ध जाऊन लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. ती तिच्या बापासारखी आहे. बोलली म्हणजे बोलली. दिरांना मी मुलाबद्दल सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते की पोरगी घाटावर द्यायची म्हणजे लांब पडते. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी फोन केला की हवापाणी विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

अशात मुलाच्या वडिलांचा फोन आला. व्याही म्हणायचं की नाही हेच अजून ठरायचं होतं, म्हणून मी त्यांना मनातसुद्धा मुलाचे वडीलच म्हणत होते. त्यांनी ऐकलं होतं की आमच्या आगरी घरांत हळदीला पाहुण्यांच्या पिण्याची सोय करावी लागते. लग्न ठरलंच तर ती सोय त्यांच्याकडून, असं ते म्हणाले. मात्र लाल द्यायची की पांढरी, हे आम्ही चाखून ठरवायचं. ते बाटल्या घेऊन पनवेलला येतील, घरातल्या मोठ्यांनाही बोलवा, ओळख होईल. आणि एक विनंती, नुसतं छान आहे म्हणू नका, कुठे काय चुकतंय ते सांगा.

मी तीस वर्षांच्या आसपास मराठी शिकवलं. निबंधात काय चुकतंय ते मी झोपेतही सांगेन. दारूत काय चुकतं ते मला कसं कळणार? आमच्या घरात दारू चुकली म्हणजे ती संपली, एवढाच एक प्रकार मी पाहिला होता. पण दिरांना फोन केला तर ते चक्क येतो म्हणाले. का येतो म्हणाले हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी मी पनवेलच्या बाजारातून जिताडा मासा आणला, कालवण केलं, तुकड्या तळल्या, हॉलमध्ये अगरबत्ती लावली. जाऊबाई आणि दीर आधी आले. जाऊबाईंच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा टपोरा गजरा होता. मग मुलाचे आईवडील आणि मुलगा आले. वडील उंच, उन्हानं रापलेले, साधा पांढरा शर्ट. दारात पाऊल टाकलं आणि ते थबकले. मग फार संकोचून त्यांनी विचारलं की अगरबत्ती जरा विझवता येईल का, आणि स्वयंपाकघराचं दार लावता येईल का. वासात वास मिसळतो, म्हणाले. जाऊबाईंच्या गजऱ्याकडे त्यांची नजर गेली, पण तेवढं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. जाऊबाई मात्र समजल्या आणि उठून गॅलरीशेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. पाहुणा आल्या आल्या घरातली अगरबत्ती विझवायची हा शुभशकुन की अपशकुन, या विचारात मी ती नळाखाली धरली.

मग त्यांनी एखादं रिकामं भांडं मागितलं. मला वाटलं, बर्फासाठी. मी कालवणाचं दुसरं, मोठं पातेलं घासूनपुसून त्यात फ्रीजमधला सगळा बर्फ ओतून आणलं. त्यांनी बर्फ बेसिनमध्ये टाकला आणि रिकामं पातेलं स्वतःच्या पायाशी ठेवलं. मी फरसाणाच्या बश्या मांडल्या, त्यांनी त्याही बाजूला केल्या आणि पिशवीतून साधे पाव काढले. खारट काही नको, म्हणाले, जिभेवर मीठ आलं की वाइन कळत नाही.

दीर तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यावर मात्र त्यांनी मान वर केली.

"मिठवाल्याचे घरान मीठ नको?"

सगळे हसले, मुलाचे वडीलही हसले. पण दीर हसले नव्हते, हे मी पाहिलं. आमच्या घराण्याची गव्हाणला मिठागरं होती. दिरांच्या अर्ध्या आयुष्याचं ऊन तिथं गेलं. आता तिथे भराव आहे आणि भरावावर रस्ते आहेत. शेवटच्या वर्षी निघालेलं जाडं मीठ आम्ही सगळ्या घरांनी बरण्यांत भरून ठेवलंय. ते आम्ही खात नाही, नजर काढायला चिमूटभर घेतो, बस.

आधी पांढरी. मुलाच्या वडिलांनी सगळ्यांच्या ग्लासात तळाशी थोडी थोडी ओतली. दांडीला धरा, म्हणाले, उजेडात बघा, गोल फिरवा, नाक आत घाला. त्यांच्या बोलण्यात प्रेम होतं, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या शाळेत गणिताचे एक सर भूमितीबद्दल असं बोलायचे. पेरूचा वास येतोय का? नुकत्याच कापलेल्या गवताचा? मागे जरा ओल्या दगडाचा? मी नाक घालून घालून थकले. मला वाटलं होतं द्राक्षाचा वास येईल. जगातल्या सगळ्या वस्तूंचा वास होता, द्राक्षाचा सोडून. मुलगी माझ्याकडे आशेनं बघत होती, म्हणून मी म्हटलं की हो, पेरू आहे. मुलाची आई शेजारी बसली होती. ती हळूच माझ्या कानाशी म्हणाली की तिला इतक्या वर्षांत अजून पेरू सापडलेला नाही. त्या क्षणी ती बाई मला आवडली.

मग लाल. हिच्यात म्हणे जांभूळ, मिरी आणि थोडा धूर. जांभूळ मला खरंच लागलं, म्हणजे जीभ तशी तुरट झाली, आणि मी ते बोलून दाखवल्यावर मुलाचे वडील एवढे खूश झाले की मला आपण पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखं वाटलं. पण दोन्हींतली चांगली कुठली? पांढरी मला औषधासारखी वाटली आणि लाल काढ्यासारखी. हे चूक सांगणं झालं की अपमान झाला, ते ठरेना. ते स्वतः प्रत्येक घोट तोंडात घोळवत होते, डोळे मिटून, आणि मग वाकून पातेल्याशी काहीतरी करत होते. मी दिरांकडे बघण्यात गुंतले होते, त्यामुळे त्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

दिरांनी आतापर्यंत ग्लासाला तोंड लावलं नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी लाल वाइनचा ग्लास उचलला, त्यात बोट बुडवलं आणि फरशीवर थेंब सोडले, एकदा, दोनदा, तीनदा. आमच्यात पहिले थेंब पितरांचे. ते त्यांना दिल्याशिवाय घरातला मोठा माणूस पीत नाही. मुलाच्या वडिलांना वाटलं असावं, ग्लासात चिलट पडलं. त्यांनी चटकन खिशातला रुमाल काढला आणि वाकून फरशी पुसून घेतली. जाऊबाईंनी श्वास आत ओढला. दिरांनी एक मोठा घोट घेतला आणि उरलेला ग्लास मुलाच्या वडिलांपुढे धरला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. नाकाशी नेला, एकदा, परत एकदा. कपाळाला आठी पडली. मग घोट घेतला, डोळे मिटून बराच वेळ घोळवला आणि आमच्या सगळ्यांसमोर पातेल्यात थुंकला.

"नाही दादा," ते अगदी मनापासून म्हणाले, "दोष काही नाही हिच्यात."

दीर उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी टोपी घेतली आणि जाऊबाईंना नुसती मान हलवली. जाऊबाईंनी पदर सावरला, पर्स घेतली आणि ती दोघं दाराबाहेर पडली. जिताडा तसाच होता, ताटं मांडायची होती, आणि हॉलमध्ये कुणालाच काय झालं ते कळत नव्हतं. मलाही नाही. थेंब पुसले म्हणून? थुंकले म्हणून? मी चपला न घालता बाहेर धावले.

पनवेललगतच्या करंजाड्यातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट वेळेवर आली असती तर पुढचं काही घडलं नसतं. दिरांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. ते लिफ्टच्या बंद दाराकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, भावजी, झालं काय ते तरी सांगा.

"मी त्याला पेला दिला गो," ते म्हणाले. "तुजे देखत दिला. त्यानं थुकला."

आणि मग मला कळलं. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी आणि सासऱ्यांनी एकाच पेल्यातून पिऊन सोयरीक पक्की केली होती. पितळेचा पेला होता, आत काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घराण्यात तोच होकार. एकानं अर्धा प्यायचा, दुसऱ्यानं उरलेला संपवायचा, झालं लग्न पक्कं. पण ते पुढे, बोलणी झाल्यावर, चारचौघांना बोलावून करायचं असतं, म्हणून आज त्याची आठवणसुद्धा मला आली नव्हती. इतके दिवस ज्या होकारासाठी मी फोनवर हवापाणी ऐकत होते, तो या माणसानं आज कुणाला न सांगता घरून आणला होता. आपल्या मेलेल्या भावाच्या जागी बसून दिला होता. आणि तो माझ्या कालवणाच्या पातेल्यात पडला होता.

मला सगळ्यांचाच राग आला. ग्लासात दोष शोधणाऱ्या त्या माणसाचा, तोंडानं हो म्हणायची लाज वाटणाऱ्या दिरांचा, पेरू आहे म्हणणाऱ्या माझा स्वतःचा. आणि अशा प्रत्येक प्रसंगाला गैरहजर राहणाऱ्या माझ्या नवऱ्याचा तर सगळ्यांत जास्त. ते असते तर पेला त्यांच्या हातात असता आणि मी आत भाकऱ्या करत असते.

मी परत दारात आले आणि उभ्या उभ्याच हॉलमधल्या लोकांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरत गेला. त्यांच्या धंद्यात, त्यांनी अडखळत सांगितलं, कुणी प्यालेला ग्लास परत पुढे केला की त्याचा अर्थ एकच असतो, यात काहीतरी बिघडलंय, तपासून बघा. त्यांना वाटलं, दादांना चव खटकली. म्हणून त्यांनी जीव लावून तपासली. आणि तपासताना थुंकायचंच असतं.

मग आता घ्या, मी म्हटलं. ग्लास तिथेच आहे, मी भावजींना बोलावते, त्यांच्यासमोर प्या. विषय संपला.

मुलाची आई जमिनीकडे बघायला लागली. मुलगा काही बोलणार होता, त्याला वडिलांनी हातानं थांबवलं.

"मी कधीच गिळत नाही, ताई," ते म्हणाले. "आजवर एक थेंब नाही. माझा मोठा भाऊ दारूनं गेला. मी वायनरी काढायची म्हटलं तर आई जेवेना. शेवटी म्हणाली, पिकव, कर, वीक, तोंडात घेऊन बघ, पण नरड्याखाली उतरवणार नाही असा मला शब्द दे. तो दिला. आता ती नाही."

मुलाच्या आईनं मान हलवली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं यांना गिळताना पाहिलेलं नव्हतं. स्वतःच्याच वाइनचा शेवट घशात कसा लागतो ते यांना लोकांना विचारावं लागतं.

एका बाजूला माझी मुलगी, भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून. दुसऱ्या बाजूला कधी न पाहिलेली एक म्हातारी, जेवायला नाही म्हणणारी. घ्या म्हणावं तरी पाप, नको म्हणावं तरी पाप. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मुलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि टेबलावरचा तो ग्लास उचलला.

"आज गिळतो," ते म्हणाले. "आई समजून घेईल."

"ठेव तो."

दीर माझ्या मागे उभे होते, त्यांच्या मागे जाऊबाई. लिफ्ट अजूनही आली नव्हती, आणि आमच्या घराचं दार सताड उघडं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, मुलाच्या वडिलांच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"आयेला दिलेला सबूद मोरून सोयरीक नको आमाला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जा गो. मीठ आन. आपलं."

मी स्वयंपाकघरात गेले, फळीवरची बरणी काढली. झाकण मिठानं गच्च बसलं होतं, शेवटी मुलीनं येऊन फिरवलं. दिरांनी बरणीत हात घातला आणि दोन खडे निवडून घेतले, मोठे, मळकट, जुन्या मिठागराचे. एक स्वतःच्या जिभेवर ठेवला, दुसरा मुलाच्या वडिलांपुढे धरला.

"पेला थुकता येतो," ते म्हणाले. "ह्ये जिभेवर ठेवलं का आपल्यातच जातं. बघ ठेवून."

मुलाच्या वडिलांनी खडा जिभेवर ठेवला. सवयीचे गुलाम आपण सगळेच. त्यांनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली आणि खडा तोंडात या गालातून त्या गालात घोळवायला सुरुवात केली. आमची सगळ्यांची नजर पातेल्याकडे गेली. मुलाच्या आईनं तर ते पायानं हळूच सोफ्याखाली सरकवलं. घोळवणं चाललंच होतं. अखेर त्यांच्या नरड्याची गाठ वर गेली आणि खाली आली. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"कसा हाय?" दिरांनी विचारलं.

पेरू, गवत, ओला दगड, मिरी, धूर, एवढं सगळं सापडणाऱ्या त्या माणसानं जरा विचार केला.

"खारट," ते म्हणाले.

दीर हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडून, खडा दिसेल असे हसले. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली आणि रडली, मग मीही रडले, आणि जाऊबाई गॅलरीशेजारच्या खुर्चीकडे न जाता आपल्या गजऱ्यासकट मधल्या सोफ्यावर येऊन बसल्या. आता कुणाची जीभ वाइन ओळखण्याच्या लायकीची उरली नव्हती. मी स्वयंपाकघराचं दार उघडलं, जिताड्याचा वास हॉलभर पसरला, आणि विझवलेली अगरबत्ती ओली होती म्हणून नवी लावली.

हळदीला लाल की पांढरी, हे त्या दिवशी ठरलंच नाही. मला आजही दोन्हींतली चांगली कुठली ते सांगता येणार नाही. पण ताटं मांडत असताना व्याही माझ्याजवळ आले. हातात दोन ग्लास होते, दोन्हींत थोडी थोडी ओतलेली. मघाशी आपण थेंब पुसले ते पितरांचे होते, हे मुलीनं त्यांना सांगितलं होतं. ते त्यांना परत सोडायचे होते, आणि त्यांतला एक मुलीच्या बाबांसाठी.

"त्यांना कुठली आवडली असती?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून मला विचारलेल्या प्रश्नांत तेवढ्या एकाचंच उत्तर मला येत होतं.

"लाल," मी म्हटलं. "पांढरीला ते दारू म्हणालेच नसते."

त्यांनी लाल वाइनमध्ये बोट बुडवलं आणि खाली वाकून, न सांडता, थेंब सोडला.